नाव विचारू नका, हिशेब विचारा

आपल्या सीमाभागातल्या घरांत एक चांगली रीत रुळली आहे. नातवाचा पहिला वाढदिवस असो, आजोबांचे वर्षश्राद्ध असो किंवा मुलीला नोकरी लागलेली असो, मंडळी एखाद्या बालाश्रमात नाहीतर सरकारी बालमंदिरात एक वेळचे जेवण देतात. मसालेभात, शिरा, कोशिंबीर आणि शेजारच्या कन्नड घरातून हौसेने आलेले होळिगे. 'मक्कळिगे ऊट' द्यायचे म्हटले की भाषेचा प्रश्न कुठल्याच घरात येत नाही. वाढणाऱ्या हातांना समाधान वाटते, आणि ते खोटे नसते.

पण वाचकहो, तिथे गेल्यावर आपण विचारतो काय? "मुले किती आहेत?" एवढेच. तेही शिऱ्याला रवा किती किलो घ्यायचा हे कळावे म्हणून. दोन तासांनी पातेली गाडीत चढतात, मुलांबरोबर एक फोटो काढला जातो आणि संध्याकाळपर्यंत तो नातेवाइकांच्या गटात फिरू लागतो. म्हणजे जे विचारायला हवे ते आपण विचारत नाही, आणि जे उघड करू नये ते हौसेने उघड करतो. आजच्या लेखात या दोन्ही गोष्टींबद्दल लिहायचे आहे.

फोटोचा मुद्दा आधी संपवू. बाल न्याय कायदा २०१५ चा आहे आणि तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्याच्या कलम ७४ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ज्यावरून ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करता येत नाही. फोटोही छापता येत नाही. कायद्यात वर्तमानपत्र आणि दृक्‌श्राव्य माध्यमांबरोबर संपर्काची इतर साधनेही धरली आहेत. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. उद्या ते मूल मोठे होईल, कॉलेजात जाईल, त्याचे लग्न ठरेल. अमक्याच्या वाढदिवसाला पंगतीत बसलेला त्याचा चेहरा त्याच्या परवानगीशिवाय जगात का फिरावा? आपल्या मुलाच्या बाबतीत आपण हे सहन केले असते का?

आता दुसरी बाजू. मुलांची नावे झाकायची म्हणजे त्या घराचा कारभारही झाकायचा, असा समज आपल्याकडे पसरला आहे, आणि काही कार्यालयांना तो सोयीचाही वाटतो. कायद्यात मात्र तसे कुठेही नाही. उलट, ज्या मुलांच्या वतीने बोलायला आईबाप नाहीत त्यांच्यासाठी कायद्याने भराभर कागद तयार करायला लावले आहेत. मूल ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेची, सरकारी असो की खासगी, कलम ४१ खाली नोंदणी झाली पाहिजे. ही नोंदणी पाच वर्षांची असते, पुढे तिचे नूतनीकरण करावे लागते. कलम ५४ प्रमाणे तपासणी समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा प्रत्येक घराला भेट द्यायची असते. भेटीला तिघांपेक्षा कमी जण चालत नाहीत, त्यांत एक तरी महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी लागतो. आठवड्याच्या आत अहवाल द्यायचा. हा अहवाल २०२१ च्या दुरुस्तीनंतर थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. याशिवाय जिल्ह्याच्या बालकल्याण समितीने महिन्यातून किमान दोन तपासणी भेटी द्यायच्या, तेही कायद्यातच आहे.

म्हणजे आपल्या गावातल्या एकेका बालमंदिराबद्दल वर्षाला निदान चार तपासणी अहवाल कुठल्यातरी कपाटात असलेच पाहिजेत. कन्नडमध्ये अहवालाला 'वरदी' म्हणतात. आपणही मराठीत 'वर्दी देणे' म्हणतोच. ही वर्दी कोणाला द्यायची? कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना. पण जो करदाता त्या घराचा खर्च उचलतो आणि ज्याच्या गल्लीत ते घर आहे, त्याने ती मागितली तर मुलांची ओळख झाकून ती द्यायला कसली अडचण असावी?

"सगळे ठीकच चालले असेल, आपण कशाला खोचक प्रश्न विचारायचे?" असे काहींना वाटेल. त्यांच्यासाठी बिहारमधल्या मुजफ्फरपूरची आठवण करून देते. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'कोशिश' या गटाने बिहारमधल्या निवारागृहांचे सामाजिक लेखापरीक्षण केले आणि एप्रिल २०१८ मध्ये सरकारला अहवाल दिला. मुजफ्फरपूरच्या मुलींच्या बालिकागृहात काय चालले आहे, हे त्यात लिहिले होते. पोलिसांत गुन्हा नोंदला गेला तो ३१ मे २०१८ रोजी. पुढे सर्वोच्च न्यायालयाने लक्ष घातले, खटला दिल्लीला हलवला, आणि जानेवारी २०२० मध्ये १९ जण दोषी ठरले. मुख्य आरोपीला मरेपर्यंत जन्मठेप झाली. हे घर एक खासगी संस्था सरकारी अनुदानावर चालवत होती. दोषी ठरलेल्यांत त्या जिल्ह्याच्या बालसंरक्षण कार्यालयातले आणि बालकल्याण समितीतलेही लोक होते. म्हणजे ज्यांनी घरावर नजर ठेवायची तेच त्यात होते.

यातून मी एकच गोष्ट घेते. तपासणी करणारा आणि तपासला जाणारा यांच्यापुरताच कागद राहिला तर त्या कागदाचा उपयोग नसतो. तिसऱ्या माणसाने तो वाचला पाहिजे. टाटा संस्थेची माणसे बाहेरची होती, म्हणून त्यांच्या नजरेला ते दिसले. प्रत्येक गावात अशी संस्था येणार नाही. दहा रुपयांचा अर्ज मात्र प्रत्येक गावातून जाऊ शकतो.

हा अर्ज हाती नव्हता तेव्हा काय होते, हेही आठवावे. १९८० च्या दशकात मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी देशभरच्या तुरुंगांत सोळा वर्षांखालची किती मुले आहेत, बाल न्यायालये किती, मुलांसाठी घरे आणि शाळा किती, ही माहिती मिळावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. आज आपण टपालाने मागू ती माहिती मिळवायला तेव्हा देशातले सर्वात मोठे न्यायालय लागले. न्यायालयाने जिल्हा न्यायाधीशांना तुरुंगांना भेटी देऊन अहवाल पाठवायला सांगितले, आणि तरीही सगळीकडून वेळेवर अहवाल आले नाहीत. या दिरंगाईला कंटाळून बारसे यांनी याचिका मागे घ्यायची परवानगी मागितली. १९८८ मध्ये न्यायालयाने त्यांना बाजूला होऊ दिले, पण याचिका मात्र चालू ठेवली. हा मुलांचा प्रश्न आहे, एका बाईचा नाही, असा त्याचा अर्थ. मानखुर्दच्या निरीक्षणगृहाबद्दलच्या त्यांच्याच दुसऱ्या प्रकरणात १९८६ मध्ये न्यायालयाने ते घर चालवणाऱ्या चिल्ड्रन्स एड सोसायटीला 'राज्यसंस्था' मानले. नाव सोसायटीचे असले तरी काम सरकारचे, म्हणून जबाबदारीही सरकारसारखीच.

ही शेवटची गोष्ट आपल्या कामाची आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत देशात अशा ९,५८९ संस्था मोजल्या गेल्या आणि त्यांतल्या ९० टक्क्यांहून अधिक संस्था बिगरसरकारी होत्या. तुम्ही अशा संस्थेत गेलात तर व्यवस्थापक म्हणतील, "आम्ही खासगी आहोत, आम्हाला माहितीचा अधिकार लागू नाही." कधी ते खरे असते, कधी नसते. सरकारच्या पैशावर मोठ्या प्रमाणात चालणारी बिगरसरकारी संस्थाही या कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका शिक्षण संस्थेच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. पण त्या वादात शिरायचीच गरज नाही. एखाद्या कायद्याखाली सरकारी कार्यालय खासगी संस्थेकडून जी माहिती मागवू शकते, ती माहितीही माहिती अधिकार कायद्याच्या व्याख्येत बसते. बालगृहाची नोंदणी, तपासणी, अनुदान हे सगळे महिला आणि बालकल्याण खात्यातून जाते. म्हणून संस्थेच्या दारात भांडू नका. अर्ज जिल्हा बालसंरक्षण घटकाकडे करा. चुकीच्या कार्यालयात गेला तरी त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो.

आता अर्ज कसा लिहायचा ते पाहू. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत हाच प्रश्न सर्वात जास्त असतो.

पहिली गोष्ट भाषेची. कायद्याच्या कलम ६ मध्ये तीन पर्याय आहेत: इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा. कर्नाटकात राजभाषा कन्नड. यावरचा राजकीय वाद हा या सदराचा विषय नाही. मी व्यवहाराचे सांगते. मराठीत लिहिलेला अर्ज परत आला तर महिना आपला जातो, आणि मुलांचाही जातो. आपल्या घरांत कन्नड शाळेत शिकलेली सून किंवा नातू असतोच. त्याला शेजारी बसवा आणि कन्नडमध्येच लिहा. 'माहिती' हा शब्द दोन्हीकडे तोच आहे, 'सार्वजनिक माहिती अधिकारी' हेही तेच. सासूने मजकूर सांगावा, सुनेने लिहावा, यासारखे चांगले निमित्त दुसरे नाही.

दुसरी गोष्ट लांबीची. कर्नाटकाच्या नियमांत २००८ पासून एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. म्हणून 'मान्यवर महोदय, आजच्या समाजात मुलांची दुर्दशा पाहून' अशी प्रस्तावना नको. माहिती कशाला हवी हे सांगण्याचीही सक्ती नाही. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडायची. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही.

तिसरी आणि सर्वात महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रश्नाची रचना. 'का' विचारू नका, कागद मागा. 'मुलांना नीट जेवण का मिळत नाही?' याला माहिती अधिकाऱ्याने उत्तर दिलेच पाहिजे असे नाही. कार्यालयात जे नोंदलेले आहे तेच द्यायचे, नवे तयार करायचे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले आहे. म्हणून अर्जात एवढेच लिहावे:

१. अमुक संस्थेच्या कलम ४१ खालील नोंदणी प्रमाणपत्राची प्रत.
२. गेल्या बारा महिन्यांतल्या कलम ५४ खालील सर्व तपासणी अहवालांच्या प्रती. मुलांची नावे आणि ओळख पटेल असा मजकूर झाकून.
३. त्या अहवालांतल्या त्रुटींवर केलेल्या कार्यवाहीच्या पत्रांच्या प्रती.
४. संस्थेची मंजूर क्षमता आणि गेल्या बारा महिन्यांत प्रत्येक महिन्याच्या शेवटी असलेली मुलांची एकूण संख्या.
५. मंजूर पदे किती, भरलेली किती.

या पाच ओळींत एकाही मुलाचे नाव नाही, वय नाही, जात नाही, ते का आले हेही नाही. पण उत्तर आले की घराची नाडी हाताला लागते. पन्नास मुलांच्या जागेत सत्तर असतील तर चौथ्या ओळीत दिसेल. रात्री मुलींच्या घरात काळजीवाहू महिला नसेल तर पाचव्या ओळीत दिसेल. आणि दुसऱ्या ओळीचे उत्तर 'अहवाल उपलब्ध नाहीत' असे आले, तर ते सगळ्यात मोठे उत्तर समजा. उत्तर म्हणून आलेला तो कागदच घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येते.

उत्तरासाठी ३० दिवस असतात. नकार मिळाला किंवा काहीच आले नाही, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच खात्यातल्या वरिष्ठांकडे पहिले अपील करायचे. तिथेही निभाव लागला नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. आयोगाचे पीठ बेळगावातही आहे, बंगळूरची रेल्वे पकडावी लागत नाही. विनाकारण अडवणूक केली तर अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो. नुसता आकडा सांगितला तरी बऱ्याच फायली सापडतात, असा माझा अनुभव आहे.

एक सावधगिरी इथेच सांगते. एखाद्या मुलाला मारहाण होते आहे, त्याच्यावर अत्याचार होतो आहे असा संशय असेल, तर माहितीचा अर्ज करत बसू नका. त्या क्षणी १०९८ ला फोन करा, पोलिसांत जा, बालकल्याण समितीला कळवा. लैंगिक अत्याचाराची माहिती असून ती न कळवणे हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हाच आहे. अर्जाचा मार्ग घराच्या कारभारासाठी आहे, जळत्या आगीसाठी नाही.

नाव न विचारता मोठे सत्य बाहेर काढता येते का, अशी शंका असेल तर ब्रिटनचे उदाहरण घ्या. आपण सगळे बालमंदिर म्हणतो, तिथे 'स्थानिक प्रशासनाच्या देखभालीतील मुले' म्हणतात. तिथला माहितीचा कायदा २००० चा, पण तोही अंमलात आला २००५ मध्ये, आपल्याच वर्षी. तिथले पत्रकार आणि स्वयंसेवी संस्था एक साधी युक्ती करतात. एकच प्रश्न, एकाच दिवशी, देशातल्या सगळ्या स्थानिक प्रशासनांना पाठवायचा आणि उत्तरे शेजारी शेजारी मांडायची. परदेशातून तस्करी होऊन आलेल्या मुलांबद्दल दोन संस्थांनी असाच प्रश्न विचारला आणि २०१६ मध्ये अहवाल काढला. सप्टेंबर २०१५ पर्यंतच्या वर्षभरात, सरकारी देखभालीत असलेल्या अशा मुलांपैकी २८ टक्के मुले निदान एकदा बेपत्ता झाली होती. त्या अहवालाने मोठी खळबळ उडाली. त्यासाठी एकाही मुलाचे खरे नाव जगाला सांगावे लागले नाही.

ब्रिटनमध्ये आणखी एक काळजी घेतात, तीही शिकण्यासारखी आहे. संख्या फार लहान असेल, पाचपेक्षा कमी, तर अनेक प्रशासने नेमका आकडा देत नाहीत. कारण लहान आकडा हेच नाव होऊन बसते. समजा, एका तालुक्याच्या बालगृहात अमुक आजाराची एकच मुलगी आहे. 'एक' असे उत्तर आले की गावाला ती कोण हे कळलेच. म्हणून आजार, जात, गुन्हा, कुटुंबाची हकीकत यांबद्दल एका घरापुरता प्रश्न विचारू नका. विचारायचाच असेल तर सगळ्या जिल्ह्याचा मिळून विचारा. आपल्या अर्जाने कुणाची झाकली मूठ उघडू नये, ही जबाबदारी अर्ज करणाऱ्याचीही आहे.

ही काळजी आता आणखी एका कारणाने हवी. माहिती अधिकार कायद्यात वैयक्तिक माहितीचे एक कलम आहे, ८(१)(ञ). पूर्वी त्यात तोल होता. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली, किंवा एखाद्याच्या खासगी आयुष्यात नाहक डोकावणारी माहिती नाकारायची, पण व्यापक जनहित असेल तर द्यायची. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने हे कलम बदलले, आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आला. आता तिथे एवढेच उरले आहे की वैयक्तिक माहिती देण्याचे बंधन नाही. जनहिताची तरतूद पूर्णपणे गेलेली नाही. कलम ८(२) अजून आहे आणि नाकारल्याने होणाऱ्या लाभापेक्षा जनहित मोठे असेल तर माहिती देता येते. पण आता ते सिद्ध करायला आपल्याला अपिलात झगडावे लागेल. 'वैयक्तिक' हा शब्द कुलपासारखा कुठल्याही कपाटाला लावता येईल, अशी भीती आहे.

यावर माझ्यापाशी एकच उपाय आहे, तो म्हणजे कुलूप लावायला कडीच ठेवायची नाही. वरच्या पाच ओळींत वैयक्तिक काही नाही. इमारतीचा परवाना कुणाचा वैयक्तिक नसतो. तपासणी समितीची भेट वैयक्तिक नसते. रिकाम्या पदांची संख्या वैयक्तिक नसते. अहवालात मध्येच एखाद्या मुलाचे नाव आले असेल, तर कलम १० प्रमाणे तेवढे झाकून बाकीचे देता येते. 'नावे आहेत म्हणून सगळा अहवाल देता येत नाही' असे उत्तर आले तर अपिलात हेच कलम दाखवा.

मात्र एक माणूस असा आहे की ज्याला नावासकट सगळे मागता आले पाहिजे. तो म्हणजे ते मूल स्वतः.

मागच्या काही वर्षांत माझ्याकडून अर्ज लिहून घ्यायला आलेल्यांत बालमंदिरात वाढलेला एक तरुण होता. आता तो कामाला लागला आहे. नाव, गाव सांगत नाही, कारण उघड आहे. "नन्न फैलु नोडबेकु, अक्का," एवढेच तो म्हणाला. आपल्याला कुठे सापडले, कोणी आणले, अंगावर काय होते, एवढे त्याला हवे होते. आम्ही अर्ज केला. एका कार्यालयातून उत्तर आले: वैयक्तिक माहिती, देता येत नाही. त्याची स्वतःची माहिती, त्याच्यासाठीच 'वैयक्तिक' म्हणून बंद! त्याला त्या उत्तरावर हसावे की रडावे ते कळेना. अपिलात आम्ही एवढेच म्हटले की हे कलम दुसऱ्याच्या खासगीपणाचे रक्षण करते, माणसाला स्वतःपासून लपवत नाही. वरिष्ठांना ते पटले आणि त्याला फाईल पाहायला मिळाली.

फाईल जाड नव्हती. समितीचा आदेश, डॉक्टरचा कागद, वजन, उंची, अंदाजे वय तीन वर्षे. आणि दाखल करून घेतानाच्या पानावर कुण्या कर्मचाऱ्याने कन्नडमध्ये लिहिलेली एक ओळ: 'मगु मराठी मातनाडुत्तदे.' मूल मराठी बोलते.

हा मुलगा आयुष्यभर कन्नड बोलत आला. मराठी त्याला बाजारापुरती समजते. त्याने ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली आणि मला कन्नडमध्ये विचारले, "अक्का, तीन वर्षांचे मूल मराठीत पाणी कसे मागते?" मी सांगितले. त्याने ते शब्द दोनदा म्हणून पाहिले. मग त्याने त्या पानाची प्रत मागितली आणि पैसे भरून पावती घेतली. आईबाप सापडले नाहीत, पण आपण कुठल्या भाषेत पहिल्यांदा बोललो हे त्याला कळले. ती ओळ इतकी वर्षे सरकारी कपाटात होती आणि त्याला कोणी सांगितली नव्हती.

असाच एक मुलगा ब्रिटनमध्ये लिव्हरपूलला होता, ग्रॅहम गॅस्किन. तान्हेपणापासून वयात येईपर्यंत तो सरकारी देखभालीत वाढला. मोठेपणी त्याने स्वतःची फाईल मागितली. ज्यांनी ज्यांनी त्यात नोंदी केल्या त्यांची संमती हवी, असे प्रशासन म्हणाले. काहींनी दिली, काहींनी दिली नाही. प्रकरण स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले, आणि जुलै १९८९ मध्ये निकाल लागला. संमती न मिळाल्यास माहिती द्यायची की नाही हे ठरवणारी स्वतंत्र यंत्रणा असली पाहिजे, ती नव्हती म्हणून त्याच्या खासगी आणि कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग झाला, असे न्यायालयाने म्हटले. आपल्या घरात आजी असते, आत्या असते, बारशाचा फोटो असतो. तू लहानपणी असा रडायचास, हे सांगायला चार माणसे असतात. सरकारी घरातल्या मुलाची आजी म्हणजे ती फाईल. आज इंग्लंडमध्ये अशा मुलाची फाईल साधारणपणे त्याच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसापर्यंत जपावी लागते. म्हातारपणी का होईना, त्याला ती उघडता यावी म्हणून.

आपल्याकडेही दत्तक गेलेल्या मुलाला अठरा वर्षांनंतर आपले मूळ शोधायला दत्तक नियमावलीत रस्ता ठेवला आहे. त्रयस्थाला मात्र तो शोध घेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. जो शोध मुलाचा आहे तो मुलानेच घ्यावा. तुमच्या ओळखीत बालमंदिरात वाढलेला कुणी असेल आणि त्याला असा कागद हवा असेल, तर त्याला अर्ज लिहायला मदत करा. सही त्याची, पत्ता त्याचा आणि उत्तराचे पाकीटही त्यानेच फोडायचे. त्यात काय निघाले ते त्याने सांगितले तर ऐका, नाही सांगितले तर विचारू नका.

थोडक्यात हिशेब असा: नाव मुलाचे, फाईल मुलाची, घराचा कारभार मात्र आपल्या सगळ्यांचा. या दोहोंतली रेघ ज्याला दिसली त्याला अर्ज आपोआप नीट लिहिता येतो.

या महिन्यात घरटी एक नको, गल्लीला एक अर्ज झाला तरी पुरे. आपल्या जवळच्या एका बालगृहाबद्दल वरच्या पाच ओळी कन्नडमध्ये उतरवा, पोस्टल ऑर्डर जोडा, स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. उत्तरे आली की या सदराच्या पत्त्यावर जरूर कळवा. तपासणी कधी झाली, कागद मिळाला की नाही, किती दिवस लागले, सगळे लिहा. मुलांची नावे मात्र लिहू नका.